डॉ. चार्ल्स मोरहेड: रुग्णाच्या खाटेपाशीं शिकविणारे गुरु

इसवी सन २०२३ सालीं आमच्या परभणीस सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालें. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा इकडील माणसें आपल्या आजारी जिवलगांस घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळांत जातात, तेव्हां पांढरे डगले घातलेलीं तरुण मुलें व मुली मोठ्या डॉक्टरांच्या मागोमाग खाटेखाटेपाशीं उभीं राहतांना त्यांच्या दृष्टीस पडतात. कित्येकांस त्याचें नवल वाटतें, तर कित्येकांस रागही येतो. आपलें माणूस कण्हत पडलें असतां ह्या पोरांनीं वह्या घेऊन काय पाहावें, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या मनांत येत असेल. साडेचार वर्षें शिक्षण व त्यावर एक वर्ष इस्पितळांतील उमेदवारी, इतका दीर्घ काळ हीं मुलें काय शिकतात, आणि शाळेच्या बांकावर बसून न शिकतां रुग्णाच्या उशाशीं कां शिकतात, हें ज्या गृहस्थांनीं पश्चिम हिंदुस्थानांत प्रथम विचारपूर्वक ठरविलें, त्यांचें चरित्र आज वाचकांस सादर करीत आहों.

चार्ल्स मोरहेड यांचा जन्म १८०७ सालीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्यांचे वडील रॉबर्ट मोरहेड हे एपिस्कोपल मंडळीचे पाळक होते. बंधु विल्यम मोरहेड हे मद्रास इलाख्यांत मुलकी खात्यांत मोठ्या हुद्द्यास चढले. बाळपणाच्या गोष्टींत विशेष सांगण्यासारखें नाहीं. एडिंबरोच्या शाळेंत व मग तेथील विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें.

परंतु त्यांना जे दोन गुरु लाभले त्यांच्याविषयीं मात्र थोडें थांबून सांगितलें पाहिजे. कारण पुढें मुंबईस जें घडलें त्याचें बीज तेथेंच पडलें. पहिले गुरु एडिंबरोचे प्रोफेसर विल्यम अ‍ॅलिसन. हे गरिबांच्या वस्तींत हिंडणारे वैद्य होते. ताप हा केवळ हवेचा दोष नव्हे, तर उपासमार, दाटीवाटी व दारिद्र्य यांनीं तो पसरतो, असें त्यांचें मत होतें, व त्यासाठीं सरकारनें गरिबांस साह्य करावें म्हणून ते झगडले. दुसरे गुरु फ्रान्स देशाच्या राजधानींत, म्हणजे पॅरिस येथें, भेटले. त्यांचें नांव पिएर लुई. त्यांची रीत अगदीं साधी, परंतु त्या काळीं फारच धीट होती. तापांत शीर तोडून रक्त काढावें हा उपाय शेंकडों वर्षांचा. मोठमोठ्या वैद्यांनीं तो मानलेला. लुई यांनीं रुग्ण मोजले. किती जणांचें रक्त काढलें, कोणत्या दिवशीं काढलें, त्यांतून किती वांचले व किती मेले, हें लिहून ठेविलें; आणि ज्या उपायावर लोकांचा एवढा भरंवसा होता त्याचा गुण मानला जातो त्याहून पुष्कळच कमी आहे असें दाखविलें. मोठ्याचें मत प्रमाण न मानतां खाटेवरील माणसाकडे पाहावें, जें दिसलें तें लिहावें व जें लिहिलें तें मोजावें, हा धडा तरुण मोरहेड यांनीं तेथें घेतला.

१८२९ सालीं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यांतील वैद्यकीय नोकरींत दाखल झाले. त्या वेळीं मुंबईस एतद्देशीय मुलांकरितां एक वैद्यकशाळा चालू होती. ती डॉ. जॉन मॅक्लेनन यांनीं १८२६ सालीं काढिलेली. हिच्याविषयीं आजकाल कोणी फारसें बोलत नाहीं, तथापि मराठी वाचकानें तिचें नांव विसरूं नये. मॅक्लेनन हे देशी भाषांतून शिकवीत. पुस्तकें नव्हतींच, म्हणून त्यांनीं स्वतः श्रम करून इंग्रजी वैद्यकाचीं पुस्तकें मराठींत व गुजरातींत उतरविलीं. शरीराच्या अवयवांस, औषधांस व रोगांस मराठींत काय म्हणावें हें त्यांना एकेक शब्द शोधून ठरवावें लागे. एका माणसानें शिकवावें, त्यानेंच भाषांतर करावें, त्यानेंच परीक्षा घ्यावी, असा तो एकखांबी तंबू होता. १८३२ सालीं सरकारनें ही शाळा बंद केली. निघालेल्या मुलांना पुरेसें येत नाहीं, असा ठपका तिच्यावर आला.

शाळा बंद पडली म्हणजे दोन प्रकारचे लोक बोलूं लागतात. एक म्हणतात, ह्या देशाच्या मुलांस ही विद्या येणारच नाहीं. दुसरे म्हणतात, पुन्हा तशीच शाळा काढा. मोरहेड या दोहोंपैकीं कोणत्याच पक्षाचे झाले नाहींत, आणि आमच्या मतें हाच त्यांच्या चरित्राचा गाभा होय.

१८३५ सालीं सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. हे नांव आमच्या वाचकांस अगदींच परकें नसावें; १०४ व्या स्तोत्राच्या आधारानें त्यांनीं रचिलेलें उपासनेचें गीत इंग्रजी मंडळ्यांत आजही गातात. मोरहेड यांची नेमणूक गव्हर्नरसाहेबांच्या खासगी वैद्याच्या जागीं झाली, आणि दोघांचा विचार एक झाला. त्याच वर्षीं मोरहेड यांच्या खटपटीनें मुंबईस मेडिकल अँड फिजिकल सोसायटी नांवाची डॉक्टरांची सभा स्थापन झाली व ते तिचे चिटणीस झाले. खेड्यापाड्यांत व छावण्यांत एकएकट्या पडलेल्या डॉक्टरांनीं आपण पाहिलेले रोग लिहून पाठवावे, ते छापावे, म्हणजे एकाचा अनुभव सर्वांच्या कामीं यावा, असा ह्या सभेचा हेतु होता.

ह्या सभेच्या द्वारें ग्रँट व मोरहेड यांनीं एक मोठी चौकशी चालविली. नवी शाळा काढण्यापूर्वीं देशांतील वैद्यकीची स्थिति काय आहे हें त्यांना जाणून घ्यावयाचें होतें. जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टरांकडे प्रश्न पाठविण्यांत आले. तुमच्याकडे वैद्य व हकीम किती? ते कोणत्या जातींचे? विद्या कोणाकडून शिकले? कोणते ग्रंथ वाचतात, कीं ग्रंथ न वाचतांच औषध देतात? लोकांचा त्यांच्यावर विश्वास कितपत आहे? आलेल्या उत्तरांचें सार काढण्याचें काम मोरहेड यांनीं केलें. चित्र असें दिसलें कीं हा धंदा बहुधा बापाकडून मुलाकडे जातो. ज्याच्या घरीं पोथी आहे तो पोथीवरून चालतो, ज्याच्या घरीं नाहीं तो ऐकीव ज्ञानावर चालतो. आणि शिकणाऱ्याची पारख करणारा बाहेरचा कोणीच नसतो. आमच्या मराठवाड्यांतही वडील माणसांनीं हें पाहिलेलें आहे. वैद्य नाडी पाही, न्हावी तुंबडी लावी किंवा फोड कापी, हाड बसविणारा निराळा, बाळंतपण सुइणीचें. त्यांतील कित्येकांचा हात खरोखर चांगला असे. परंतु चांगला कोणता व वाईट कोणता हें रुग्ण मेल्यावर कळे.

अशी चौकशी हें आज नवल वाटणार नाहीं. शिक्षणाचा अभ्यासक्रम बदलावयाचा म्हणजे आधीं पाहणी करावी हें आतां सर्वमान्य आहे. परंतु ज्या काळीं सरकारांत बहुतेक गोष्टी साहेबाच्या मर्जीनें ठरत, त्या काळीं शाळेचा पाया घालण्यापूर्वीं प्रश्नावली पाठविणारा मनुष्य विरळा. फसलेली शाळा कां फसली याचाही त्यांनीं विचार केला. मुलें मंद होतीं म्हणून ती फसली असें त्यांनीं मानलें नाहीं. शिक्षक पुरेसे नव्हते. पुस्तकांत जें वाचलें तें प्रत्यक्ष रुग्णावर दाखविण्याची सोय नव्हती. आणि शिष्यास सरकारी इस्पितळांतील हाताखालच्या नोकरापलीकडे कांहीं व्हावयाचें आहे असें कोणीच मनांत धरिलें नव्हतें.

१८३८ सालच्या जुलै महिन्यांत सर रॉबर्ट ग्रँट पुण्याजवळ दापोडीस अकस्मात् वारले. बेत अर्धवट राहिला असता; परंतु मुंबईच्या लोकांनीं त्यांच्या स्मारकासाठीं वर्गणी जमविली व तो पैसा वैद्यकशाळेसच लावावा असें ठरलें. सर जमशेटजी जिजीभाई या पारशी गृहस्थांनीं गरिबांकरितां इस्पितळ बांधावें म्हणून एक लाखाहून अधिक रुपये देऊं केले. भायखळ्यास दोन्ही इमारतींचा पाया १८४३ सालीं घातला गेला. कॉलेज व इस्पितळ एकाच आवारांत, भिंतीला भिंत लावून, उभीं राहिलीं. ही केवळ जागेची सोय नव्हती. ज्या शाळेस इस्पितळ नाहीं ती वैद्यकशाळाच नव्हे, हें मत तेथें विटा व चुना यांनीं लिहिलें गेलें.

१८४५ सालच्या नोव्हेंबरांत ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविण्यास आरंभ झाला. मोरहेड पहिले प्रिन्सिपॉल व वैद्यकाचे प्रोफेसर. त्यांच्या जोडीस डॉ. जॉन पीट हे शरीररचना व शस्त्रक्रिया शिकवीत, आणि डॉ. हर्बर्ट जिरॉड हे रसायन, वनस्पतिशास्त्र व औषधिविद्या शिकवीत. एका वर्षापूर्वीं, म्हणजे १८४४ सालीं, मोरहेड यांचा विवाह मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांची कन्या हॅरिएट यांजबरोबर झाला होता.

आतां अभ्यासक्रमाकडे वळूं. विषयांचीं नांवें पाहतां तो एडिंबरो किंवा लंडन येथल्यासारखाच होता: मृत शरीर उघडून अवयव शिकणें, रसायन, वनस्पति, औषधें, रोग, शस्त्रक्रिया, प्रसूति, कोर्टकचेरींत लागणारें वैद्यक. येथल्या मुलांकरितां म्हणून कांहीं हलकें केलेलें नव्हतें. शवच्छेदनास हिंदु मुलें कचरतील अशी पुष्कळांस भीति होती. कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ सालीं प्रथम शवावर शस्त्र चालविलें तेव्हां त्याची केवढी चर्चा झाली हें प्रसिद्ध आहे. मुंबईसही ब्राह्मण, इतर हिंदु, पारशी व गोव्याकडील ख्रिस्ती मुलें एकाच टेबलाभोंवतीं उभीं राहिलीं. प्रेताला शिवणें हें ज्या घरांत मोठ्या विटाळाचें मानीत, त्या घरांतील मुलगा दिवसभर तें काम करून संध्याकाळीं घरीं जाई तेव्हां त्याला काय काय सोसावें लागत असेल, हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु मोरहेड यांचा सर्व भर होता तो इस्पितळांतील शिकवणीवर. पुस्तकांत न्यूमोनिया शिकणें निराळें आणि न्यूमोनियानें धापणारा हमाल समोर पाहणें निराळें. त्यांची रीत अशी कीं विद्यार्थ्यानें खाटेपाशीं जावें, रुग्णाची सर्व हकीकत त्याच्याच तोंडून ऐकावी: तो कोठला, काय काम करतो, काय खातो, दुखणें कोणत्या दिवशीं लागलें. मग डोळ्यांनीं पाहावें, हातानें चांचपावें, बोटानें ठोकून आवाज ऐकावा, छातीस नळी लावावी. जें सांपडलें तें लिहावें. त्यावरून रोग कोणता असावा हें आपल्या बुद्धीनें सांगावें. चुकल्यास गुरूनें तेथेंच दाखवावें. रोज त्याच खाटेपाशीं पुन्हा जाऊन उतार किंवा चढ लिहीत राहावें. आणि रुग्ण दगावलाच तर शवपरीक्षा करून आपला तर्क खरा होता कीं खोटा याचा निर्णय पाहावा. ह्या शेवटच्या गोष्टीची शिस्त फार कडक आहे, कारण तींत कोणासही आपली चूक झांकतां येत नाहीं, गुरूसही नाहीं. हिंदुस्थानांतील मुलांस अशा रीतीनें खाटेपाशीं शिकविणाऱ्या पहिल्या गुरूंत मोरहेड यांची गणना होते.

दुसरी गोष्ट संख्येची. सरकारास इस्पितळांत मदतनीस हवे होते, व लवकर हवे होते. मोरहेड यांचें म्हणणें असें कीं थोडे निघाले तरी चालतील, पण जे निघतील ते कोणाच्या हाताखालीं न राहतां स्वतःच्या बुद्धीनें रोग्याचा भार उचलणारे डॉक्टर असले पाहिजेत. म्हणून आरंभींच मुलाचें सामान्य शिक्षण पारखून घेत. शिकविणारे वेगळे व शेवटची परीक्षा घेणारे वेगळे, हाही नेम त्यांना फार मोलाचा वाटे. कारण गुरूनेंच परीक्षा घेतली तर तो शिष्यासच नव्हे तर स्वतःसही पास करीत असतो. यांत खरा प्रश्न गुणांचा नव्हता. ह्या देशाचा मनुष्य पूर्ण डॉक्टर होऊं शकतो कीं तो नेहमीं साहेबाच्या मागें पेटी घेऊन चालणारा मदतनीसच राहणार, हा तो प्रश्न होता. परीक्षेंत सवलत दिली असती तर त्याचें उत्तर कायमचें विरुद्ध गेलें असतें.

पांच वर्षांहून अधिक काळ गेला तरी एकही पदवीधर बाहेर पडला नाहीं. एवढा पैसा ओतून हातीं काय आलें, असें म्हणणारे असणारच. अखेर १८५१ सालीं आठ जण उत्तीर्ण झाले: भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, मेरवानजी सोराबजी, बरजोरजी दोराबजी, सेबास्त्यान कार्व्हालो, जुझे कामिलो लिस्बोआ आणि पॉल गोम्स. हिंदु, पारशी व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक त्यांत होते. त्यांना ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज अशी पदवी मिळाली.

झाडाची पारख फळांवरून करावयाची तर ह्या आठांपैकीं तिघांचें थोडें सांगतों. भाऊ दाजी हे मूळचे गोव्याकडील गरीब घराण्यांतले. डॉक्टर झाल्यावर त्यांनीं मुंबईस मोठें नांव मिळविलें व गरिबांकरितां धर्मार्थ दवाखाना चालविला. त्यांचे बंधु नारायण दाजी हेही त्याच कॉलेजांत शिकून त्यांच्या जोडीस आले. महारोग्यांवर उपाय शोधण्यांत भाऊ दाजींनीं आपलीं शेवटचीं वर्षें घालविलीं. ज्या रोग्यास घरचे लोक गांवाबाहेर काढीत त्याच्या अंगावर औषध लावून ते दिवसेंदिवस नोंदी ठेवीत. खाटेपाशीं लिहावयास शिकलेला तो हात होता. भायखळ्याच्या पदार्थसंग्रहालयास १९७५ सालापासून त्यांचेंच नांव आहे. आत्माराम पांडुरंग यांच्या घरीं १८६७ सालीं प्रार्थनासमाज सुरू झाला, आणि ते मुंबईचे शेरीफही झाले. लिस्बोआ यांना वनस्पतिशास्त्राची गोडी कॉलेजांतच लागली असावी. मुंबई इलाख्यांतील गवतें व उपयुक्त वनस्पति यांवर त्यांनीं जें लिहिलें तें विद्वानांनीं मानलें. गवत म्हणजे गुरांचा चारा एवढेंच आपण जाणतों; पण त्याच्याही जाति मोजणारा मनुष्य वैद्यकशाळेनें दिला, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

पदवी घेऊन गेलेल्यांना मोरहेड यांनीं सोडलें नाहीं. कॉलेजाच्या पदवीधरांची एक सभा त्यांनीं भरविली. तींत जुन्या विद्यार्थ्यांनीं आपण तपासलेल्या रोग्यांविषयीं निबंध वाचावे व इतरांनीं त्यावर चर्चा करावी. शिक्षण पदवीबरोबर संपतें अशी समजूत त्यांना मान्य नव्हती. स्वतः त्यांनींही तेंच केलें. मुंबईच्या युरोपियन जनरल हॉस्पिटलांतील व जमशेटजी जिजीभाई हॉस्पिटलांतील रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून त्यांनीं हिंदुस्थानांतील रोगांवर दोन भागांचा मोठा ग्रंथ लिहिला व तो १८५६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ताप, हगवण, पटकी, यकृताचीं गळवें यांच्या हकीकती आहेत, आणि कोणत्या रोगाचे किती रुग्ण आले व किती दगावले यांचे आंकडे आहेत. पॅरिसच्या गुरूचा धडा त्या पानापानांत दिसतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. मोरहेड यांनीं जीं औषधें शिकविलीं त्यांतील पुष्कळ आज कोणीही देणार नाहीं. जळवा लावणें व कॅलोमेल नांवाचें पाऱ्याचें औषध देणें हे त्या काळचे नित्याचे उपाय होते. कोयनेल सोडलें तर त्यांच्या पेटींतील थोडकेंच आतां टिकलें आहे. हिंवतापाचा जंतु लाव्हेरान यांस १८८० सालीं दिसला; डांस तो पसरवितो हें रॉस यांनीं १८९७ सालीं, आमच्याच निजामी मुलुखांत सिकंदराबादेस, सिद्ध केलें. पटकीचा जंतु कोख यांनीं दाखविला तोंवर मोरहेड निवर्तले होते. तेव्हां त्यांनीं शिकविलेलें ज्ञान जुनें झालें, पण शिकविण्याची रीत जुनी झाली नाहीं. किंबहुना जो विद्यार्थी पाहावयास, लिहावयास व आपला तर्क तपासावयास शिकला आहे, तोच गुरूचें चुकीचें औषध टाकून देऊं शकतो. पाठ केलेल्या विद्यार्थ्यास तें करितां येत नाहीं. २०१९ सालापासून हिंदुस्थानांतील मेडिकल कॉलेजांचा अभ्यासक्रम बदलला, व पहिल्या वर्षापासूनच मुलांस रुग्णांपुढें न्यावें, केवळ काय माहीत आहे हें न पाहतां काय करितां येतें हें पाहावें, असें ठरलें. भायखळ्याच्या त्या जुन्या खाटांचीच ही वाट आहे.

तरीही एका बाबतींत त्यांचा मार्ग अपुरा पडला, आणि तो आम्हां खेड्यांतील लोकांच्या दृष्टीनें लहान नाहीं. मॅक्लेनन यांची मराठी सुटली व सर्व शिक्षण इंग्रजींत झालें. त्या वेळीं मुंबईच्या शिक्षणमंडळांत याच प्रश्नावर मोठा वाद झाला. जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूस, तर अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूस होते. मोरहेड हे कांहीं काळ त्या मंडळाचे चिटणीस होते, व वैद्यकापुरता त्यांचा कल इंग्रजीकडे होता. कारण उघड आहे. ग्रंथ इंग्रजींत होते, दरवर्षीं नवें ज्ञान इंग्रजींतच येत होतें, आणि भाषांतर होईपर्यंत तें शिळें होई. परंतु परिणाम असा झाला कीं इंग्रजी शिकलेला मुलगा शहरांतला असे व शहरांतच राही. नवे डॉक्टर मुंबईपुण्यास मिळूं लागले, आणि खेड्यांत पूर्वींप्रमाणेंच तुंबडी व ताईत राहिले.

निजामी राज्यांत याच्या अगदीं उलट प्रयोग चालू होता. आमचा परभणीचा मुलूख १९४८ सालपर्यंत त्या राज्यांत होता. मुंबईच्या मागोमाग एका वर्षानें, १८४६ सालीं, हैदराबादेस रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांनीं वैद्यकशाळा काढिली व तेथें उर्दूंतून शिकविण्यास सुरुवात केली. देशी भाषेंतून हें शास्त्र शिकवितां येतें हें त्या शाळेनें पुष्कळ वर्षें दाखविलें. पुढें तेथेंही इंग्रजी आली. पण परभणीच्या कुणब्यास किंवा महारमांगांच्या वस्तीस मुंबईची इंग्रजी जितकी दूर, तितकीच हैदराबादेची उर्दू दूर. मराठवाड्यास पहिलें मेडिकल कॉलेज औरंगाबादेस १९५६ सालीं मिळालें, आणि परभणीस मिळावयास २०२३ साल उजाडलें.

मोरहेड मुंबई सोडून गेल्यावर ही उणीव कॉलेजानेंच थोडी भरून काढिली. १८६१ सालीं तेथें मराठी भाषेचा वर्ग निघाला. जिल्ह्यांतील दवाखान्यांकरितां हॉस्पिटल असिस्टंट त्यांत तयार होऊं लागले. गुजरातीचाही वर्ग झाला, आणि १८७८ सालीं पुण्यास बैरामजी जिजीभाई यांच्या नांवानें तसल्याच शिक्षणाची शाळा निघाली. त्याच कॉलेजांतील पदवीधर डॉ. सखाराम अर्जुन यांनीं मराठींत वैद्यकाचीं पुस्तकें लिहिलीं. मॅक्लेनन यांचे शब्द अशा रीतीनें पुन्हा कामीं आले असें म्हणावयास हरकत नाहीं. इलाख्यांतील तालुक्यांच्या दवाखान्यांत पुढें दोन पिढ्या ज्यांनीं ताप उतरविले, जखमा बांधल्या व देवी टोंचल्या, त्यांतील बहुतेक याच कमी पगाराच्या, कमी मानाच्या असिस्टंटांपैकीं होते. मोरहेड यांनीं पूर्ण डॉक्टर घडविण्याचा हट्ट धरिला तो योग्यच होता. पण केवळ त्यांच्या आठ पदवीधरांची वाट पाहत बसलें असतें तर खेड्यांतील रोग्यांस औषध मिळालें नसतें. दोन्ही गोष्टी एकाच माणसास एकाच वेळीं दिसाव्या असें क्वचितच घडतें.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व १८६० सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यास जोडलें गेलें. तोंपर्यंत मोरहेड स्वदेशीं परतले होते. १८५९ सालीं त्यांनीं मुंबई सोडली व १८६२ सालीं नोकरींतून निवृत्त झाले. तीस वर्षें ह्या देशांत काढून ते गेले. १८८१ सालीं त्यांस सी.आय.ई. हा किताब मिळाला. १८८२ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २४ व्या तारखेस यॉर्कशर परगण्यांतील विल्टन कॅसल येथें त्यांचा अंत झाला. त्यांच्या पहिल्या आठ शिष्यांपैकीं भाऊ दाजी १८७४ सालींच वारले होते. आत्माराम पांडुरंग गुरूच्या मागें आणखी सोळा वर्षें जगले.

मोरहेड यांच्या कॉलेजांत प्रसूतीचें शास्त्र पुरुषांस शिकवीत, परंतु स्त्रियांस दार बंद होतें. आनंदीबाई जोशी या १८८३ सालीं वैद्यकी शिकण्यासाठीं समुद्र ओलांडून अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. त्याच वर्षीं, मोरहेड यांच्या निधनास दुसरें वर्ष लागतांना, भायखळ्याच्या त्या वर्गांत मुलींस प्रवेश मिळाला, आणि त्याही वह्या घेऊन खाटांपाशीं उभ्या राहूं लागल्या.